नद्या जिथे जमिनीत शिरतात: भाबर आणि तराईचा भूगोल

एप्रिल महिन्यात उत्तराखंडमधल्या हल्द्वानी किंवा रामनगरच्या आसपास एखाद्या लहान नदीच्या पुलावर उभं राहिलं, तर खाली पाणी दिसत नाही, नुसते गोटे दिसतात. काही मुठीएवढे, काही डोक्याएवढे, काही दोन माणसांना हलणार नाहीत असे. पाऊण किलोमीटर रुंदीचं पात्र आणि त्यात धार नाही. गंमत अशी की दहा-पंधरा किलोमीटर उत्तरेला, डोंगराच्या घळीत, हीच नदी खळाळत असते. आणि तेवढंच अंतर दक्षिणेला गेलं की जमिनीतून पाणी वर यायला लागतं. तिथे झरे आहेत, दलदल आहे, डोक्याच्या वर जाणारं गवत आहे.

नदी आटलेली नसते, ती जमिनीखालून चालत असते.

जिथे ती गडप होते तो पट्टा भाबर आणि जिथे ती पुन्हा वर येते तो तराई. शाळेच्या भूगोलात हे दोन शब्द आपण पाठ केलेत, भांगर आणि खादरच्या जोडीने, दोन मार्कांसाठी. पण हिमालयाच्या पायथ्याशी उत्तराखंडपासून नेपाळच्या पूर्व टोकापर्यंत जाणारी ही जोडपट्टी इतकी जिवंत आणि इतकी गुंतागुंतीची आहे, की तिला दोन मार्कांत गुंडाळणं मला अन्यायाचं वाटतं. तिथलं जंगल, तिथला ताप, तिथली माणसं, तिथले वाघ आणि आजचा पाण्याचा प्रश्न, या सगळ्याचा उगम एकाच साध्या गोष्टीत सापडतो: कुठे केवढा दगड पडला आहे.

डोंगरातून उतरणारी नदी जोरात असते, म्हणून मोठे धोंडेही वाहून आणते. पायथ्याशी उतार एकदम कमी झाला की तिचा जोर ओसरतो. मग ती ओझं टाकायला लागते, आणि सगळ्यात जड ते सगळ्यात आधी. धोंडे आणि गोटे डोंगराला लागूनच पडतात, वाळू जरा पुढे जाते, आणि बारीक गाळ व चिकणमाती त्याहून पुढे. हजारो वर्षं शेकडो नद्यांनी हेच केलं आणि त्यांचे पंख्याच्या आकाराचे ढीग एकमेकांना भिडून सलग पट्टा तयार झाला. बांधकामावरच्या खडीच्या ढिगावर बादलीभर पाणी ओतलं तर ते क्षणात खाली जातं, तसंच भाबरात होतं. भूजलाची पातळी इतकी खोल, की काही ठिकाणी विंधनविहीर शंभर मीटरच्या खाली न्यावी लागते. पुढे जिथे दगड संपून बारीक गाळ आणि चिकणमातीचे थर सुरू होतात, तिथे जमिनीखालून येणाऱ्या पाण्याची वाट अडते आणि ते वर येतं. रुद्रपूर-किच्छाच्या बाजूला तर असे पाताळझरे होते, की नळ ठोकला की पंपाशिवाय पाणी उसळून बाहेर पडायचं.

आपल्याकडे, महाराष्ट्राच्या बहुतेक भागात, विहिरीचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांत आणि झिजलेल्या मुरमात साठलेलं असतं. एका शेतात लागतं, बांधापलीकडच्या शेतात लागत नाही. हिमालयाच्या पायथ्याशी मात्र गाळाची जाडी काही ठिकाणी पाच किलोमीटरच्या आसपास आहे. त्यातला वरचा काही शे मीटरांचा भाग पाण्याने भरलेला. एवढा मोठा साठा आणि त्याचं तोंड म्हणजे ही दगडगोट्यांची पट्टी. पाऊस तिथे मुरतो आणि दक्षिणेकडच्या गावांच्या पंपातून बाहेर येतो.

आता राजकीय सीमा. शारदा नदीच्या पश्चिमेला, म्हणजे उत्तराखंडात, भाबर आणि तराई दोन्ही भारतात आहेत. शारदा ओलांडून पूर्वेला गेलं की चित्र बदलतं. भाबर जवळजवळ सगळा नेपाळात जातो आणि तराईचे दोन तुकडे होतात. वरचा तुकडा नेपाळचा, म्हणजे कैलाली, बर्दिया, रुपन्देही, बारा, धनुषा, मोरंग. खालचा भारताचा, म्हणजे लखीमपूर खीरी, बहराइच, सिद्धार्थनगर, चंपारण, सीतामढी, मधुबनी. एखाददुसरा अपवाद आहे, जसा वाल्मीकीनगरचा डोंगर, पण ढोबळ मानाने असंच. १८१६ च्या सुगौलीच्या तहाने ही रेघ आखली. पश्चिमेकडचे बांके, बर्दिया, कैलाली आणि कंचनपूर हे चार भाग इंग्रजांनी १८६० मध्ये नेपाळला परत केले. १८५७ चा उठाव मोडायला नेपाळचा पंतप्रधान जंगबहादूर राणा याने फौज दिली, त्याचं ते बक्षीस. म्हणजे बिहार-उत्तर प्रदेशातल्या कितीतरी गावांच्या हातपंपात येणारं पाणी जिथे मुरतं ती जमीन दुसऱ्या देशात आहे.

या सगळ्या दगडांचा पुरवठा होतो तो शिवालिक टेकड्यांतून, नेपाळात त्यांना चुरे म्हणतात, आणि त्यांच्या मागच्या मोठ्या हिमालयातून. चुरे हा हिमालयाचा सगळ्यात धाकटा भाग. जुन्या हिमालयावरून नद्यांनी आणलेला गाळच पुढे दबून कच्चा खडक झाला आणि उचलला गेला. तो कच्चाच राहिला. हाताने कुस्करता येईल असा वालुकाश्म, मध्ये मातीचे थर, वर गोट्यांचा थर. दर पावसाळ्यात तो कोसळतो. चुरेतून निघणाऱ्या नद्या आठ महिने कोरड्या असतात आणि एका रात्रीत पूर आणतात.

ही टेकड्यांची रांग अजून उचलली जात आहे. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकतो आहे आणि त्यातलं वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर आकुंचन हिमालयाच्या या पट्ट्यात सामावलं जातं. शिवालिकांच्या पायथ्याशी, नेमका जिथे डोंगर संपून भाबर सुरू होतो तिथे, भूपट्ट जिच्यावर सरकतात ती मोठी भेग, म्हणजे प्रस्तरभंग, पृष्ठभागावर येते. १५ जानेवारी १९३४ ला पूर्व नेपाळात आठ रिश्टरहून मोठा भूकंप झाला. नेपाळ आणि बिहार मिळून दहा हजारांहून अधिक माणसं गेली. जमीन नेमकी कुठे फाटली होती याचा पुरावा बरीच दशकं हाती नव्हता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तो दाखवला, नेपाळच्या बर्दिबास गावाजवळ, एका ओढ्याच्या कापलेल्या काठात. तिथे १२५५ सालच्या भूकंपाचीही खूण सापडली.

१९३४ च्या भूकंपात तराईने स्वतःचा वेगळा हिसका दाखवला. सीतामढीपासून पूर्णियापर्यंत सुमारे तीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात जमीन अक्षरशः पातळ झाली. पाण्याने भरलेली बारीक वाळू हादऱ्याने घट्टपणा सोडते आणि द्रवासारखी वागते. घरं तिरकी होऊन खचली, शेतांतून वाळू आणि पाण्याचे फवारे उडाले, विहिरी वाळूने भरल्या. भाबरच्या दगडगोट्यांत असं होत नाही. होतं ते बारीक वाळू आणि वर आलेलं भूजल जिथे एकत्र असतं तिथेच.

दगडाच्या आकाराने जंगलही ठरवलं. भाबरच्या कोरड्या, निचरा होणाऱ्या जमिनीवर सालवृक्षांचं दाट रान वाढलं. नेपाळात त्याला चारकोसे झाडी म्हणत, चार कोस रुंदीचं अरण्य. इंग्रजांना भारतभर रेल्वे टाकताना स्लीपरसाठी सालचं लाकूड हवं होतं आणि ते मोठ्या प्रमाणात इथून गेलं. खालच्या ओल्या तराईत गवताळ रानं आणि दलदली. आणि जिथे जमिनीतून नितळ पाण्याचे मंद ओहोळ निघत, काठाला गवत आणि वर सावली, तिथे ॲनॉफेलिस मिनिमस नावाचा डास अंडी घालायचा. साचलेल्या घाण पाण्यात वाढणारा हा डास नव्हता. त्याला तराईचे स्वच्छ वाहते झरेच हवे होते.

त्या डासाने आणलेल्या तापाला, म्हणजे मलेरियाला, नेपाळीत औलो म्हणतात. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेरच्या माणसाने तराईत रात्र काढणं म्हणजे जिवाशी खेळ होता. कुमाऊँचे पहाडी लोक थंडीत गुरं घेऊन भाबरात उतरत आणि उन्हाळा लागला की परत वर जात. नेपाळच्या राज्यकर्त्यांनी हे रान मुद्दाम तोडलं नाही, दक्षिणेकडून येणाऱ्या सैन्याला ते कोणत्याही किल्ल्यापेक्षा चांगलं अडवत होतं. राजेरजवाड्यांच्या शिकारीही थंडीतच. डिसेंबर १९११ मध्ये इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज चितवनच्या बाजूला शिकारीला आला आणि त्या मोहिमेत ३९ वाघ आणि १८ गेंडे मारले गेले.

मराठी माणसाचा या रानाशी एक दुखरा संबंध आहे. १८५७ च्या उठावाचा पराभव झाल्यावर नानासाहेब पेशवे, बेगम हजरत महल आणि त्यांची उरलीसुरली माणसं १८५९ च्या सुमारास नेपाळच्या तराईत शिरली. मागे इंग्रज, पुढे जंगबहादूर, आणि मध्ये ही पट्टी. त्या वर्षीचा पावसाळा त्यांनी तिथे काढला. नानासाहेबांचे बंधू बाळासाहेब तिथेच तापाने वारल्याची नोंद आहे आणि पावसाळा सरता सरता खुद्द नानासाहेबही तापानेच गेल्याची बातमी बाहेर आली. ती खरी होती की पाठलाग थांबावा म्हणून पसरवलेली, यावर इतिहासकारांचा वाद आहे. ते नंतर कुठे कुठे दिसले याच्या कथा आपण ऐकत आलो आहोत. पण औलोचा हिशेब माहीत असलेल्या माणसाला त्या बातमीत अशक्य असं काही दिसत नाही. बिठूरसारख्या ठिकाणी वाढलेल्या, थकलेल्या, अर्धपोटी माणसांनी तिथे सबंध पावसाळा काढणं हीच सगळ्यात धोक्याची गोष्ट होती.

मग तिथे बारा महिने राहत कोण होतं? थारू नावाचा आदिवासी समाज. पश्चिमेला त्यांच्याबरोबर बुक्सा. त्यांना ताप येत नाही असं इतर लोक म्हणत आणि त्याला कधी जादूटोण्याशी जोडत. १९९१ मध्ये इटली आणि नेपाळच्या संशोधकांनी याचं उत्तर शोधलं. थारूंच्या रक्तात अल्फा-थॅलेसेमियाचं जनुक जवळजवळ सर्वांमध्ये सापडलं. या जनुकामुळे हिमोग्लोबिनची एक साखळी थोडी कमी बनते. सौम्य स्वरूपात त्याचा माणसाला फारसा त्रास होत नाही, पण मलेरियाचा परजीवी त्याला आजारी पाडण्यात कमी पडतो. शेजारी राहणाऱ्या इतर समाजांच्या तुलनेत थारूंमध्ये मलेरियाचं प्रमाण जवळपास सातपट कमी आढळलं. ज्यांच्याकडे ते जनुक होतं त्यांची मुलं जगली, ज्यांच्याकडे नव्हतं त्यांची कमी जगली, आणि हे पिढ्यानपिढ्या चाललं. भूगोलाने माणसाच्या रक्तावर केलेली याहून ठळक नोंद मला माहीत नाही.

१९५० च्या दशकात डीडीटी हे कीटकनाशक आलं. नेपाळात राप्तीच्या खोऱ्यातून, म्हणजे चितवनमधून, अमेरिकी मदतीने फवारणी सुरू झाली आणि १९५८ मध्ये देशभर मलेरिया निर्मूलनाची संघटना उभी राहिली. घरांच्या भिंतींवर डीडीटी, भोवतीच्या जंगलावर कुऱ्हाड. सावलीतले ओहोळ उघडे पडले आणि तो डास काही वर्षांत दिसेनासा झाला. भारताच्या बाजूला फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या निर्वासितांना आणि माजी सैनिकांना तराईत जमिनी मिळाल्या. १९६० मध्ये पंतनगरला कृषी विद्यापीठ उघडलं आणि पुढे हरितक्रांतीचं बियाणं तिथून देशभर गेलं. नेपाळात डोंगरातली माणसं खाली उतरली. १९५० च्या दशकात नेपाळच्या लोकसंख्येतला तराईचा वाटा ३५ टक्क्यांच्या आसपास होता, २०२१ च्या जनगणनेत तो ५३ टक्क्यांवर गेला.

रोग गेला हे चांगलंच झालं, त्यात दुसरं मत नाही. पण ज्यांच्याकडे रोगाविरुद्ध कवच होतं आणि सातबाऱ्यासारखा कुठलाही कागद नव्हता, त्या थारूंची जमीन नव्याने आलेल्यांच्या नावावर झाली. पश्चिम तराईत त्यांतले हजारो आपल्याच जुन्या शेतांवर कर्जाने बांधलेले गडी झाले. कमैया म्हणत त्यांना. ही वेठबिगारी नेपाळ सरकारने जुलै २००० मध्ये बंद केली.

जी गवताळ रानं उरली ती राखीव जंगलांत. चितवन, बर्दिया, शुक्लाफांटा नेपाळात, दुधवा, पिलीभीत, कतर्नियाघाट, वाल्मीकी भारतात. इथलं गवत पावसाळ्यानंतर पाच-सहा मीटर उंच होतं, हत्तीवर बसूनच पलीकडचं दिसतं. दरवर्षी पुराने नवी माती मिळते, म्हणून चारा भरपूर, म्हणून चितळ आणि बारशिंगे भरपूर, म्हणून वाघही. नेपाळातले वाघ २००९ मध्ये १२१ होते, २०२२ च्या गणनेत ३५५ निघाले. एवढ्याशा राखीव जंगलांत हे वाघ अडकून राहिले असते तर वाढ खुंटली असती. बर्दिया आणि कतर्नियाघाटच्या मध्ये खाता नावाची एक अरुंद पट्टी आहे. तिथल्या गावांनी आपली सामुदायिक वनं वाढवली आणि वाघ, हत्ती, गेंडे सीमा ओलांडून ये-जा करतात.

पिलीभीतमध्ये वाघ उसात राहतात. वाघिणी तिथेच पिल्लं घालतात. जुन्नरच्या उसातले बिबटे आपल्याला नवे नाहीत, पण उसात वाघ म्हणजे प्रकरण वेगळ्या वजनाचं आहे. वाघाच्या दृष्टीने ऊस हे तराईचं जुनं उंच गवतच. तोडणी सुरू झाली की माणूस आणि वाघ समोरासमोर येतात आणि जीव जातात, दोन्हीकडचे.

पूर्वेला मात्र सगळ्यावर कोसीची सत्ता आहे. एव्हरेस्ट आणि कांचनजंगाच्या उतारांवरचं पाणी एकत्र करून ती चतरा इथे डोंगरातून बाहेर पडते आणि इतका गाळ टाकते, की आपलंच पात्र भरून दुसरीकडे सरकते. दोन-अडीचशे वर्षांत ती पूर्वेकडून पश्चिमेकडे शंभराहून अधिक किलोमीटर सरकली. १९५४ च्या भारत-नेपाळ करारानंतर नेपाळच्या हद्दीत बंधारा आणि दोन्ही देशांत लांबच लांब तटबंध बांधले. पात्र जागेवर राहिलं, पण गाळ येतच राहिला. तो पूर्वी पसरायचा, आता तटबंधांच्या आत साचून तळ उचलायला लागला. १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळातल्या कुसहा गावाजवळ पूर्वेचा तटबंध फुटला. त्या दिवशी नदीत तटबंधांच्या क्षमतेच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढंच पाणी होतं. कोसी सरळ आपल्या जुन्या वाटेने निघाली आणि सुपौल, मधेपुरा, सहरसा, पूर्णिया, अररियातल्या सुमारे तीस लाख लोकांचं जगणं उधळलं. सरकारी भाषेत तो पूर होता. खरं तर नदीने पात्र बदललं होतं, आणि हे दोन्ही एकच समजण्याची चूक पुढच्या नियोजनात पुन्हा झाली तर फार महागात पडेल.

बारीक गाळाचा आणखी एक धोका डोळ्यांना दिसत नाही. तराईच्या चिकणमातीत सेंद्रिय द्रव्य असतं आणि प्राणवायू नसतो. अशा ठिकाणी लोहाच्या कणांना चिकटून आलेलं हिमालयातलं आर्सेनिक सुटून पाण्यात उतरतं. नेपाळच्या नवलपरासी भागातल्या कमी खोलीच्या नळांमध्ये ते सगळ्यात जास्त सापडलं. पाणी नितळ, चवीला गोड, आणि वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या तळहातावर काळसर गाठी. भाबरच्या धोंड्यांतून वाहणाऱ्या पाण्यात ही अडचण सहसा नसते.

आता त्या धोंड्यांवरच घाव पडतो आहे. गोटे आणि वाळू म्हणजे बांधकामाचा कच्चा माल आणि गंगेच्या सपाट मैदानात दगड मिळत नाही. त्यामुळे हल्द्वानीजवळच्या गौलासारख्या नद्यांच्या पात्रात शेकडो ट्रक उतरतात, आणि नेपाळात चुरेच्या पायथ्याशी दगड फोडणारे क्रशर उभे राहतात. नेपाळ सरकारने २०१० च्या सुमारास राष्ट्रपतींच्या नावाने चुरे संरक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. २०२१ मध्ये त्याच देशाच्या अर्थसंकल्पात व्यापारतूट भरून काढायला दगड-वाळू निर्यात करण्याची तरतूद आली. लोक रस्त्यावर आले आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली.

२०२५ च्या जुलैमध्ये नेपाळच्या तराईतल्या मधेश प्रांतात पाऊस लांबला. वीरगंजसारख्या शहरात, घरोघरी, हातपंप कोरडे पडले. तिकडे आणि बिहारातही त्याला चापाकल म्हणतात. भाताची रोपं वाफ्यात वाळली आणि सरकारला सबंध प्रांत संकटग्रस्त जाहीर करावा लागला. पाऊस कमी होता हे कारण खरंच, पण त्याच्या आधीची कित्येक वर्षं तिथली भूजलाची पातळी खाली जात होती. भारताच्या बाजूला ऊधमसिंहनगर आणि पिलीभीतमध्ये उन्हाळी भात, साठा धान, पंपावर घेतला जातो, तो रोखण्याचा प्रयत्न प्रशासन करत आलं आहे. जिथे नळ ठोकला की पाणी उसळायचं तिथे आता मोटारी लावाव्या लागतात.

उपसा कमी करणं हा उपायाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा उत्तरेला आहे. नेपाळचा पूर्व-पश्चिम महामार्ग बऱ्याच ठिकाणी नेमका भाबरातून जातो, कारण तिथे जमीन कोरडी आणि पक्की मिळते. बुटवल, हेटौंडा, बर्दिबास, लहान, इटहरी ही गावं त्याच रस्त्यावर शहरं झाली. भारतात कोटद्वार, रामनगर, हल्द्वानी, टनकपूर यांचंही तसंच. साठ-सत्तर वर्षांपूर्वी जिथे चारकोसे झाडी उभी होती आणि तिच्या पाचोळ्याखालून पाऊस गोट्यांत उतरत होता, तिथे आज छपरं आणि डांबर आहे. या पट्टीत पाणी मुरवण्यासाठी मोकळी जमीन राखली तर त्याचा फायदा खाली सीतामढी-मधुबनीच्या शेतकऱ्यालाही होणार आहे. आणि दोन्ही देशांमध्ये नद्यांचे करार आहेत, कोसीचा आहे, गंडकचा आहे, महाकालीचा म्हणजे शारदेचा आहे. ते सगळे दिसणाऱ्या पाण्याचे आहेत, बंधारे आणि कालव्यांच्या वाटपाचे. जमिनीखालून सीमा ओलांडणारं पाणीही आता त्यांत यायला हवं.